व्याकरणाच्या सरावासाठी अंतराळमोहीम : वाक्ये कशी रचावीत?

खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मुलांचा मराठीचा तास असतो. बहुतेक मुले तिसरी ते सहावीतली, इंग्रजी माध्यमाची. २०२० च्या कायद्यामुळे मराठी आता सर्वच मंडळांच्या शाळांत शिकवावी लागते, त्यामुळे पुस्तक सर्वांच्या दप्तरात असते. पण ‘खालील वाक्यांतील काळ ओळखा’ हा प्रश्न आला की मुलांचे चेहरे उतरतात. म्हणून या सत्रात सगळी सरावाची वाक्ये एकाच अंतराळमोहिमेतून घ्यायची असे ठरवले. यानाचे नाव मुलांनीच ‘येऊर’ असे ठेवले आहे. यानात मुक्ता, ओजस आणि खटपट्या नावाचा यंत्रमानव आहे. मोहीम चंद्राची.

माझा मुद्दा असा आहे की ‘राम आंबा खातो’ या वाक्यातला राम काढून तिथे मुक्ता घातली आणि आंब्याच्या जागी खडक ठेवला, तर त्याने अंतराळाचा विषय आला असे होत नाही. शब्दाच्या शेवटचा प्रत्यय नीट वाचल्याशिवाय गोष्टीत काय घडले हे कळूच नये, अशी वाक्ये रचता आली तर मूल स्वतःहून प्रत्ययाकडे बघते. एक पान इथे देते. मोहिमेच्या रोजनिशीचे हे फाटलेले पान आहे. लिहिणाऱ्याचे नाव गेले आहे, ते मुलांनी शोधायचे आहे.

*मी आतले दार लावले. मी दोरीची गाठ तपासली. मी दिवा हातात घेतला. मी शिडीवरून खाली उतरले. मी धुळीत एक चौकट आखली. मी हातोडा तिथेच विसरले.*

पान कोणी लिहिले, मुक्ताने की ओजसने? आणि नेमक्या कोणत्या शब्दांवरून? आपल्यापैकी कोणी अशी वाक्ये केली असतील, तर कृपया इथे द्यावीत. यातली उणीव दिसली, तर तीही स्पष्ट सांगावी.

उपवनवाला (ठाणे)

कल्पना चांगली आहे, तरीही एक शंका मांडतो. मुलांना यान, तारे आणि परग्रहवासी यांचा रतीब दिवसभर पडद्यावर मिळतच असतो. तेच पुन्हा व्याकरणात आणले, तर मुलांचे लक्ष यानाकडेच राहील आणि क्रियापद बाजूला पडेल. आमच्या वेळी ‘गाय चारा खाते’ एवढ्या साध्या वाक्यावर आम्ही प्रयोग शिकलो, आणि वाक्य कंटाळवाणे होते म्हणूनच बहुधा आमचे लक्ष ‘खाते’वर गेले. रंगीबेरंगी सरावपुस्तिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत चित्र रॉकेटचे असते आणि प्रश्न जुनाच असतो.

निवृत्त_मास्तर (नौपाडा)

उपवनवाले म्हणतात ते सरावपुस्तिकांच्या बाबतीत खरे आहे, पण खाडीकाठ ताईंनी दिलेल्या पानाला ते लागू पडत नाही. त्या पानात फार सुरेख गुंता दडला आहे. तो थोडा उलगडून दाखवतो, कारण शिकवणाऱ्याला तो आधी ठाऊक असायला हवा.

सहा वाक्यांपैकी पहिल्यात ‘लावले’ आहे आणि चौथ्यात ‘उतरले’. दोन्हींच्या शेवटी ‘ले’ आहे, म्हणून उतावळे मूल पहिल्या वाक्यालाच ‘मुलगी!’ असे ओरडेल. पण ‘लावले’ मधला एकार दाराचा आहे. दार नपुंसकलिंगी, म्हणून ‘लावले’. तिथे ‘दरवाजा’ ठेवला की ‘लावला’ होईल आणि ‘खिडकी’ ठेवली की ‘लावली’. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, काही फरक पडणार नाही. हा कर्मणी प्रयोग झाला. क्रियापद कर्माच्या पाठीमागे जाते आणि कर्ता लपून राहतो. ‘तपासली’ गाठीची, ‘घेतला’ दिव्याचा, ‘आखली’ चौकटीची. या चार वाक्यांतून लिहिणाऱ्याचा काहीही पत्ता लागत नाही.

‘उतरले’ मात्र अकर्मक, म्हणजे कर्म न लागणारे, आहे. तिथे कर्तरी प्रयोग आहे, म्हणून क्रियापदाला कर्त्याच्या मागे जावेच लागते. ओजसने लिहिले असते तर ‘उतरलो’ आले असते. मुक्ता पकडली गेली ती इथे.

आता शेवटचे वाक्य पाहा, ते सर्वांत मोलाचे आहे. ‘विसरणे’ या क्रियापदाला कर्म लागते. हातोडा हे कर्म तिथे आहेही. मग पुस्तकातल्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे भूतकाळात ‘मी हातोडा विसरला’ व्हायला हवे होते. पण आपण ‘मी हातोडा विसरलो’ किंवा ‘विसरले’ असेच म्हणतो. विसरणे, शिकणे, पिणे, चुकणे ही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याशी इमान राखतात. ‘मुक्ताने हातोडा उचलला’, पण ‘मुक्ता हातोडा विसरली’. ‘ओजसने वाट शोधली’, पण ‘ओजस वाट चुकला’. घरात मराठी कानावर पडणारे मूल हे आपोआप बरोबर बोलते. ज्याच्या कानावर ती कमी पडते, ते मूल ‘मुक्ताने हातोडा विसरला’ असे लिहून मोकळे होते. इतक्या वर्षांत मी ही जोडी गाईवर आणि चाऱ्यावर शिकवायचा प्रयत्न केला. पण गाय काय विसरणार आणि कोणती वाट चुकणार, हा प्रश्न कायम राहिला.

दोन_मुलांची_आई (नेरूळ)

मास्तर, आपले विवेचन वाचून मी हे पान लगेच दोन्ही मुलांपुढे ठेवले. धाकटा चौथीत आहे. त्याने आपण म्हणता तसे पहिल्याच वाक्याला उत्तर दिले. थोरलीने त्याला ‘दार’ खोडून ‘दरवाजा’ लिहायला लावले, तेव्हा त्याचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. मग त्याने स्वतःच प्रत्येक वाक्यात वस्तू बदलून पाहिली आणि ज्या वाक्यात बदलायला वस्तूच नव्हती, त्यावर बोट ठेवले. ‘कर्मणी’ हा शब्द आम्ही उच्चारलासुद्धा नाही.

मला एक अडचण विचारायची आहे. आमच्या इमारतीतल्या कितीतरी मुली ‘मी उतरली’, ‘मी गेली’ असे बोलतात. त्यांना हे पान दिले, तर त्या गोंधळणार नाहीत का? शिवाय आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलांच्या घरची आगरी बोली आणखी निराळी आहे.

निवृत्त_मास्तर (नौपाडा)

‘मी गेली’ म्हणणाऱ्या मुलीचे क्रियापदही कर्त्याच्याच मागे चालले आहे, त्यामुळे कोडे तिलाही तसेच सुटते. तिला एवढेच सांगावे की पुस्तकात हे रूप ‘मी गेले’ असे लिहितात. घरच्या बोलीला चूक म्हणू नये. आगरी घरातल्या मुलाला तर हेच पान घरच्या बोलीत सांगायला लावावे. प्रत्येक बोलीत क्रियापद कोणाच्या मागे जाते हे तपासणे हाच उत्तम अभ्यास आहे.

शून्यगुरुत्व (खारघर)

व्याकरणाच्या धाग्यात विज्ञानवाल्याने डोकावू नये असा संकेत असेल, तर आगाऊ क्षमस्व. पण अशा सरावातली वाक्ये मुले खरी मानून चालतात, व्याकरणापेक्षाही घट्ट धरून ठेवतात. म्हणून दोन-तीन जागी काळजी घ्यावी.

‘यानात गुरुत्वाकर्षण नसल्याने मुक्ता तरंगू लागली’ हे वाक्य कारणदर्शक रचनेचा नमुना म्हणून फार ठिकाणी दिसते. व्याकरण निर्दोष आहे, पण कारण चुकीचे आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नऊ-दशांश इतके असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकत्रच पृथ्वीकडे सतत पडत असतात आणि त्याच वेळी ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही जात असतात, म्हणून ती तरंगताना दिसतात. त्यामुळे वाक्य असे करता येईल : ‘यान आणि मुक्ता एकाच वेगाने पडत असल्यामुळे मुक्ता यानात तरंगत होती.’ ‘असल्यामुळे’ तिथेच राहिले आणि कारणही खरे झाले.

‘प्रचंड स्फोटाचा आवाज अंतराळात घुमला’ हे वाक्यही काढून टाकावे. निर्वात जागेतून ध्वनी जात नाही. पण हीच गोष्ट संकेतार्थासाठी, म्हणजे ‘असे असते, तर तसे झाले असते’ या रचनेसाठी, सोन्यासारखी आहे, कारण चंद्रावर काय नाही याची यादी मोठी आहे आणि संकेतार्थ तर नसलेल्या गोष्टींवरच उभा असतो. मी केलेली काही वाक्ये देतो.

*चंद्रावर हवा असती, तर ओजसची हाक मुक्ताला थेट ऐकू गेली असती.*
*चंद्रावर वारा असता, तर बुटांचे ठसे पुसले गेले असते.*
*खटपट्याने वेळेवर सांगितले असते, तर मुक्ता हातोडा विसरली नसती.*

पहिली दोन वाक्ये मुलांना पूर्ण देऊन तिसऱ्याचा उत्तरार्ध त्यांच्याकडून घ्यावा. ‘असती’, ‘असता’, ‘असते’ हे बदल हवा, वारा आणि सांगणे यांमुळे होतात, हेही तिथेच दिसते.

आणि हातोड्याविषयी एक खरी घटना. अपोलो १५ मोहिमेत, १९७१ साली, डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच क्षणी सोडले. हवा नसल्याने दोन्ही बरोबरच जमिनीला टेकली. मला हे वाक्य पानात घ्यायचे होते, पण मी अडलो : ‘हातोडा आणि पीस एकाच वेळी खाली पडले’ की ‘पडली’?

निवृत्त_मास्तर (नौपाडा)

हातोडा पुल्लिंगी, पीस नपुंसकलिंगी. वेगवेगळ्या लिंगांच्या निर्जीव वस्तू एकत्र कर्ता झाल्या, की क्रियापद सहसा शेवटच्या नामाच्या लिंगाचे आणि अनेकवचनी घेतात. पिसाचे अनेकवचन ‘पिसे पडली’, म्हणून ‘हातोडा आणि पीस एकाच वेळी खाली पडली’. बोलताना ‘पडले’ ऐकू येते आणि त्याचा मी बाऊ करणार नाही. लहान मुलांसाठी ‘ही दोन्ही एकाच वेळी खाली पडली’ असे लिहिले, की कानालाही खटकत नाही. आपण स्वतः वर ‘दोन्ही बरोबरच जमिनीला टेकली’ असे लिहून गेला आहातच.

पाचपाखाडीकर (ठाणे)

शुद्धलेखनाकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. अंतराळाच्या शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाचा एक नियम अगदी हाताशी येतो. दुर्बीण, धूळ, जमीन या तिन्ही शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ आहे. प्रत्यय लागण्यासाठी सामान्यरूप झाले, की ते ऱ्हस्व होते : दुर्बिणीतून, धुळीत, जमिनीवर. मी तपासलेल्या वह्यांमध्ये ‘दूर्बीणीतून’ आणि ‘धूळीत’ यांचे पीक असते. ‘मुक्ताने दुर्बिणीतून जमिनीवरच्या धुळीत पडलेला हातोडा पाहिला’ या एकाच वाक्यात तिन्ही रूपे बसतात, आणि श्रुतलेखनाला ते उत्तम आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत. ‘दूत’चे ‘दूताला’ होते, ‘दुताला’ होत नाही. म्हणून परग्रहावरचा दूत गोष्टीत आणला, तर ‘धुळीत उभ्या असलेल्या दूताला’ असे दोन्ही नियम शेजारी-शेजारी ठेवता येतील.

माझा सर्वांत आवडता नमुना मात्र वेगळाच आहे.

*ओजसने ताऱ्याकडे बोट दाखवले.*
*ओजसने तारेकडे बोट दाखवले.*

पहिल्या वाक्यात ओजस खिडकीतून आकाश दाखवत आहे. दुसऱ्या वाक्यात यंत्रातली तुटलेली तार दाखवत आहे, आणि मुक्ताने वेळेवर लक्ष दिले नाही तर यान बंद पडेल. एका जोडाक्षराचा फरक आहे. अनेकवचनातही तेच : ‘ताऱ्यांना’ आणि ‘तारांना’. माझ्या पुतण्याने ‘खटपट्याने सगळे तारे जोडले’ असे लिहिले होते. ते वाचून आम्ही घरचे सगळे यंत्रमानवाच्या पराक्रमाने थक्क झालो.

उपवनवाला (ठाणे)

ताऱ्याची आणि तारेची जोडी वाचून माझा विरोध निम्मा गळाला, हे मान्य करतो. अशा पानात विषय नुसते वेष्टण राहत नाही. उरलेला निम्मा विरोध काळांबद्दल आहे. एकच काल्पनिक मोहीम घेतली, की सगळी गोष्ट भूतकाळात जाते. वर्तमान आणि भविष्य कुठून आणणार?

खाडीकाठ (ऐरोली)

काल्पनिक मोहिमेच्या जोडीला खऱ्या मोहिमा ठेवल्या, की ती अडचण सुटते, कारण त्यांतल्या काही संपल्या आहेत, काही चालू आहेत आणि काही व्हायच्या आहेत. मुलांना काळ निवडण्यासाठी खरे कारण मिळते. मी असा एक परिच्छेद केला आहे. क्रियापदांच्या जागा रिकाम्या ठेवून तो देते, इथे मात्र भरून लिहीत आहे.

*युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी अंतराळात गेले आणि १०८ मिनिटांत परत आले. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझ यानातून गेले, तेव्हा मुक्ताच्या आईचा जन्मही झाला नव्हता. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ अजूनही सूर्यापासून दूर जात आहे. चंद्रयान ३ हे १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून निघाले होते. २३ ऑगस्ट रोजी त्यातला विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर राहून आले आहेत. गगनयानातून भारतीय अंतराळवीर भारताच्याच यानाने जातील. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो.*

शेवटच्या वाक्यावर मुले हमखास अडतात. ‘चंद्र आत्ता फिरत आहे ना, मग फिरत आहे का नको?’ असे विचारतात. नेहमीच खरी असलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगतात, हे व्हॉयेजरच्या वाक्याशी ताडून दाखवले की पटते. ‘आले’ आणि ‘आले आहेत’ यांतला भेद मात्र चौथीपर्यंतच्या मुलांना मी समजावत बसत नाही. कानाने ओळखले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी.

दोन_मुलांची_आई (नेरूळ)

अपूर्ण काळासाठी आम्ही एक वेगळा मार्ग धरला. अंतराळ स्थानक कधी कधी संध्याकाळी आपल्या डोक्यावरून जाते आणि पाम बीचच्या दिव्यांच्या झगमगाटातही नुसत्या डोळ्यांनी दिसते, कारण ते बहुतेक ताऱ्यांपेक्षा कितीतरी तेजस्वी असते. वेळ आधी पाहून ठेवायची आणि गच्चीवर जायचे. न लुकलुकणारा ठिपका काही मिनिटांत आकाश ओलांडून जातो. तो दिसत असतानाच थोरलीने मोठ्याने बोलायचे आणि धाकट्याने लिहायचे, असा आमचा करार होता. वहीत उतरले ते असे : ‘ते येत आहे. ते टाकीच्या वर चढत आहे. ते आपल्या डोक्यावर आहे. ते खाडीकडे जात आहे. ते विझत आहे. ते विझले.’ खाली आल्यावर हेच सगळे ‘येत होते, चढत होते’ असे करून लिहिले. स्थानक विझले नव्हते, पृथ्वीच्या सावलीत शिरले होते, हे मी सांगितल्यावर धाकट्याने शेवटचे वाक्य खोडून ‘ते सावलीत शिरले’ असे केले.

शून्यगुरुत्व (खारघर)

उत्तम! वहीत आणखी एक वाक्य घालायला सांगा : ‘स्थानकातल्या लोकांना दिवसातून सुमारे सोळा वेळा सूर्योदय दिसतो.’ एका फेरीला साधारण ९० मिनिटे लागतात, म्हणून. आणि ‘लोकांना दिसतो’ यात क्रियापद लोकांच्या मागे न जाता सूर्योदयाच्या मागे का गेले, हे मास्तरांनी सांगावे.

पाचपाखाडीकर (ठाणे)

मास्तर येईपर्यंत दुसरा एक प्रश्न टाकून ठेवतो. परकीय शब्दांचे लिंग कसे ठरवायचे? ‘रॉकेट उडाले’ याबद्दल वाद नाही. पण ‘रोव्हर फिरला’ की ‘रोव्हर फिरले’? वर्तमानपत्रांत दोन्ही वाचायला मिळते.

निवृत्त_मास्तर (नौपाडा)

रोव्हरचा प्रश्न लवकर संपवतो : दोन्ही चालते, फक्त एका पानावर एकच ठेवावे.

सूर्योदयाचे उत्तर सोपे आहे. ‘लोकांना’ हे चतुर्थीत आहे, आणि दिसणारी वस्तू सूर्योदय आहे, क्रियापद त्याचेच. ‘लोकांना सूर्योदय दिसतो’, ‘लोकांना पृथ्वी दिसते’, ‘लोकांना ढग दिसतात’ अशी तीन वाक्ये एकाखाली एक लिहिली, की मुले स्वतःच सांगतात. ‘मला भीती वाटली’, ‘मला यान आवडले’ हीसुद्धा त्याच घरातली वाक्ये. ताईंच्या रोजनिशीत ही वाक्ये घातली, तर कोडे आणखी अवघड होईल, कारण त्यांतूनही लिहिणाऱ्याचा पत्ता लागत नाही.

आता ताईंना एक सूचना. गागारिन आणि राकेश शर्मा यांच्या वाक्यांत ‘गेले’ आहे, तो आदरार्थी बहुवचनाचा ‘गेले’ आहे. मुक्ताच्या रोजनिशीत ‘मी उतरले’ आहे, तो एका मुलीचा. ‘रॉकेट उडाले’ मधला नपुंसकलिंगी एकवचनाचा. ‘तिघे परत आले’ मधला पुल्लिंगी अनेकवचनाचा. हा चौपदरी ‘ले’ एकाच पानावर आणावा आणि प्रत्येक ठिकाणी तो कोणाचा, हे मुलांकडून काढून घ्यावे. पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी असे वाक्य सुचते : ‘कप्तान शिडीवरून खाली उतरले.’ कप्तान एक की अनेक? यावरून नुसते सांगता येत नाही. पुढचे वाक्य ‘त्यांनी एकमेकांचे हात धरले’ असे असेल, तर अनेक. ‘त्यांनी आपला उजवा पाय आधी टेकवला’ असे असेल, तर बहुधा एकच.

खाडीकाठ (ऐरोली)

मास्तर, कप्तानाचे वाक्य या रविवारच्या पानात घेते. ‘बहुधा’ या शब्दावर आमची सहावीतली मुले आपल्याला सहज सोडणार नाहीत. अनेक कप्तानांनीही आपापला उजवा पाय आधी टेकवला असेल, असे कोणीतरी म्हणणारच. तेव्हा ‘आपला’ आणि ‘आपापला’ यांचे एक वाक्यही तयार ठेवते. तार आणि तारा यांची जोडी पाचपाखाडीकरांच्या परवानगीने घेत आहे, पुतण्याचे वाक्यही द्याल तर चुका शोधण्याच्या सरावात घालता येईल.

पाचपाखाडीकर (ठाणे)

अवश्य घ्या. पुतण्याने परवानगी दिली आहे, मात्र खटपट्याने शेवटी तारे जोडलेच पाहिजेत, अशी त्याची अट आहे.